जंक्शन लीगच्या टोप्या

आमच्या घरातलं सगळ्यात जाड पुस्तक म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. अण्णा असिस्टंट स्टेशन मास्तर, त्यामुळे नवं वेळापत्रक घरात आलं की जुनं माझ्या मालकीचं व्हायचं. मे महिन्यात मावसभाऊ राहायला आला की त्या जुन्या वेळापत्रकावर आमचं बुक क्रिकेट रंगायचं. डोळे मिटून पान उघडायचं, डाव्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य निघालं की बाद, आठ निघाले तर एक धाव. (आठाला एक का, हे विचारू नका. आठाचा नियम घरागणिक वेगळा असायचा.) बाकीची पोरं भारत-पाकिस्तान खेळायची. आमचं पुस्तकच गाड्यांचं, म्हणून संघही जंक्शनांचे. अण्णांची बदली होईल तसे आम्ही दौंड, मनमाड, कुर्डुवाडी असे रेल्वेच्या क्वार्टर्समधून फिरलेलो, मावसभाऊ मिरजेचा. उरलेली नावं वेळापत्रकातूनच उचलली.

दोन वर्षांपूर्वी अण्णा कायमचे पुण्याला माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत ती दोनशे पानी वही सापडली. मागच्या पानावर आठ संघ आपापल्या नावांनिशी: मनमाड मेल, दौंड डेंजर, कर्जत ढकल, मिरज तंबोरे, भुसावळ केळी, कुर्डुवाडी बारकी, नेरळ माकडं, आणि शेवटी नुसतंच पूर्णा. पूर्णेपाशी पान संपलं होतं, म्हणून तिला आडनाव मिळालं नाही. प्रत्येक नावापुढे स्केचपेनने एक टोपी काढलेली: अर्धगोल, त्याला पुढे चोच, आणि अर्धगोलात संघाचं इंग्रजी पहिलं अक्षर. मनमाड आणि मिरज दोघांना एम, कर्जत आणि कुर्डुवाडी दोघांना के. खेळताना आमचा कधी गोंधळ झाला नाही, कारण टोप्या घालणारं कोणी नव्हतंच.

मी पोटासाठी लोणची-मसाल्यांच्या पाकिटांची लेबलं बनवतो. रोजचं काम म्हणजे ‘मिरची अजून लाल करा’ आणि ‘आजीचा चेहरा जरा हसरा करा’. या वहीतल्या टोप्या मात्र आपण धड काढायच्या, आणि नुसत्या स्क्रीनवर न ठेवता प्रत्येकीची एक खरी टोपी भरतकाम करून घ्यायची, असं डोक्यात बसलं. बायको म्हणाली, “लोक दुसऱ्याला टोपी घालतात, तू स्वतःलाच घालतोयस. तीही आठ.”

पहिला महिना मी नुसता दुसऱ्यांच्या टोप्या बघण्यात घालवला. टोपीवरच्या चिन्हांचं माहेर म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉल. तिथे 1901 मध्ये डेट्रॉइटच्या संघाने टोपीवर पळता वाघ लावला होता. आपल्याकडे लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर मिळते ती न्यूयॉर्कची टोपी सगळ्यांनी पाहिलेली असते, एकमेकांत अडकलेली एन आणि वाय ही दोन अक्षरं. ते चिन्ह मुळात संघासाठी काढलेलंच नव्हतं. टिफनी या दागिन्यांच्या पेढीने ते 1877 मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या शौर्यपदकासाठी काढलं, आणि यांकीजच्या अंगाखांद्यावर ते 1909 साली आलं. बेसबॉलचा एक चेंडूही न पाहिलेली किती डोकी पुण्यात ते चिन्ह घालून फिरतात! माझं सगळ्यात लाडकं चिन्ह मिलवॉकी ब्रूअर्सचं, 1978 सालचं. आधी दिसतो तो चेंडू धरलेला हातमोजा, मग लक्षात येतं की मोज्याची बोटं म्हणजे इंग्रजी एम आणि अंगठ्याकडचा भाग म्हणजे बी. हार्टफर्ड व्हेलर्स या आइस हॉकी संघाने 1979 मध्ये तर कहर केला. खाली डब्ल्यू, वर देवमाशाची शेपटी, आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत एच.

हे बघून मीही आठवडाभर इंग्रजी एम आणि जे एकमेकांत अडकवत बसलो. मिरज जंक्शन. जे निघालं ते एखाद्या बिल्डरच्या गेटवर शोभलं असतं. वहीतली अक्षरं इंग्रजी होती खरी, पण ती आम्ही टीव्हीवर पाहून काढलेली. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर सगळ्यात वर काय असतं? मराठी नाव. तेव्हा अक्षर देवनागरीच घ्यायचं ठरवलं, आणि लगेच एक कोडं आपोआप सुटलं. मनमाडला ‘म’ आणि मिरजेला ‘मि’, कर्जतला ‘क’ आणि कुर्डुवाडीला ‘कु’. इंग्रजीत एका अक्षरावर दोन-तीन गावं भांडतात, आपल्याकडे वेलांटी-उकार मध्ये पडतात.

काल्पनिक संघाचं काम करताना एक गोष्ट फार जाचते: कोणी नाही म्हणत नाही. मालक नाही, प्रायोजक नाही, ‘माझ्या मेव्हण्याला आवडलं नाही’ म्हणणारा मेव्हणा नाही. चार दिवसांत माझ्या मनमाडच्या टोपीवर किल्ला, इंजिन, धान्याचं पोतं आणि उगवता सूर्य एवढं सगळं जमा झालं. मग मीच माझा खडूस गिऱ्हाईक झालो आणि नियम केले. एका टोपीवर एक अक्षर. कापडाचा रंग सोडून दोनच दोरे. आणि त्या स्टेशनची एकच गोष्ट, तीही अक्षराच्या अंगातूनच निघाली पाहिजे, शेजारी चिकटवायची नाही.

चित्रं घेऊन मी नाना पेठेतल्या एका भरतकामवाल्यांकडे गेलो. दुकान म्हणजे दहा बाय पंधराची खोली, एक मोठं यंत्र, एक टोप्यांसाठीचं एकमुंडी यंत्र, आणि भिंतीभर दोऱ्याच्या रिळी. काम शाळांचे बॅज, हॉटेलांचे गणवेश आणि गणपतीच्या आधी दोन महिने ढोलपथकांचे कुडते. काकांनी माझे कागद पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “साहेब, हे छापायचंय का शिवायचंय?”

“शिवायचंय.”

“मग हे शिवण्यासारखं काढून आणा.”

पुढचे तीन महिने मी काय शिकलो ते या एका वाक्यात आहे. यंत्राला चित्र कळत नाही. त्याला फक्त सुई कुठे खुपसायची ते कळतं. चित्राचं टाक्यांमध्ये भाषांतर करण्याला या धंद्यात ‘पंचिंग’ म्हणतात, आणि ते करणारा माणूस प्रत्येक रेषेसाठी ठरवतो की टाके कुठल्या दिशेने जाणार, किती दाट बसणार, आणि वरचे टाके घालण्याआधी खाली विरळ टाक्यांचा पाया किती घालायचा. अरुंद पट्टी असेल तर या काठापासून त्या काठापर्यंत एकच चमकदार टाका जातो, त्याला सॅटिन म्हणतात. पट्टी मिलिमीटरभराहून बारीक झाली की सॅटिन नीट बसत नाही, आणि फार रुंद झाली की टाका सैल पडून नखात अडकतो. मग ती जागा छोट्या छोट्या टाक्यांनी विणल्यासारखी भरावी लागते. टोपीच्या पुढच्या भागाला आतून बकरम, म्हणजे ताठ ठेवणारं कडक कापड असतं, त्यावर उंची मिळते जेमतेम 57-58 मिलिमीटर. म्हणजे माझ्या हाताच्या करंगळीएवढी. त्या करंगळीत मी किल्ला आणि सूर्य बसवायला निघालो होतो.

दोरा ताणला जातो, आणि ताणला गेलेला दोरा कापड आपल्याकडे ओढतो. मी काढलेला गोल शिवून आला तो अंडाकृती, कारण टाके आडवे होते आणि त्यांनी दोन्ही बाजू आत खेचल्या. काकांनी पट्टी लावून दाखवलं, आडवा 14 मिमी, उभा 15. म्हणून पंचिंग करताना टाक्याच्या दिशेने आकार आधीच थोडा फुगवून ठेवायचा, म्हणजे ओढला गेल्यावर तो हवा तेवढा होतो. गोल हवा असेल तर लांबट काढायचा. पंधरा वर्षं मी लेबलं करतोय, छापखान्याने कधी माझा गोल असा चेपला नव्हता.

पण खरी गंमत शिरोरेषेची. बहुतेक टोप्या सहा तुकड्यांच्या असतात आणि दोन तुकडे जोडणारी शिवण बरोबर कपाळाच्या मध्यावर येते. इंग्रजी अक्षराचं त्याने फार बिघडत नाही. आपली शिरोरेषा मात्र त्या शिवणीवरून आडवी जाते. पट्टी आडवी, म्हणजे सॅटिनचे टाके उभे. शिवणही उभी. झालं, टाके शिवणीच्या खाचेत बुडाले आणि पहिल्या नमुन्यात ‘म’ची शिरोरेषा बरोबर मध्ये तुटली. वर त्या अक्षराचा काना आणि शिरोरेषा यांच्यात केसाएवढी फट पडली आणि तिच्यातून टोपीचं निळं कापड डोकावायला लागलं. सगळ्याच पट्ट्या थोड्या थोड्या सरकल्या होत्या. अक्षर शिरोरेषेला टांगलेलं न दिसता तिच्यापासून सुटून खाली पडत असल्यासारखं दिसत होतं.

काकांनी दोन गोष्टी केल्या. शिवणीवर पायाचे टाके आडवे घालून खाच बुजवली. आणि काना वर शिरोरेषेच्या पोटात मिलिमीटरभर घुसवला, म्हणजे सरकला तरी फट पडणार नाही. मग क्रम लावायला बसले. टोपीवर काम करायचं ते खालून वर आणि मधून बाहेर, नाहीतर कापडाची सुरकुती पुढे ढकलली जाऊन मध्ये गोळा होते. त्या नियमाने अक्षराचं अंग आधी आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी. मी यंत्राच्या काचेला नाक लावून बघत होतो. आधी ‘म’ची गाठ, मग आडवी रेघ, मग काना, आणि तीन-चार मिनिटांनी सुई मध्यावर येऊन थांबली, उजवीकडे निघाली, परत आली, डावीकडे गेली. पहिलीत बाईंनी शिकवलं होतं तसंच: आधी अक्षर काढा, मग वर रेघ द्या. (मोडी लिहिणारे उलटं करायचे. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. मोडीची टोपी या यंत्रावर सुरकुतली असती.)

मनमाडला काय घ्यायचं याबद्दल शंका नव्हती. मनमाडजवळच्या डोंगररांगेत अंकाई-टंकाईच्या शेजारी एक सुळका उभा आहे, हडबीची शेंडी. हल्ली त्याला थम्सअप म्हणतात, कारण तो खरोखर उभारलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. आमच्या लहानपणी तो शेंडीच होता आणि गाडीतून तो दिसला की आई सामान आवरायला घ्यायची. तिथले डोंगर माथ्याला सपाट, पट्टीने आखल्यासारखे. म्हणजे शिरोरेषा हाच डोंगराचा माथा, आणि तिच्यावर एक शेंडी. चित्र दहा मिनिटांत झालं आणि मी स्वतःवर खूश झालो. शिवून आलेली टोपी सोसायटीच्या वॉचमनला दाखवली तर तो म्हणाला, “मे? मे म्हणजे काय, मे महिना?” शेंडी मी जराशी कललेली काढली होती आणि ती सरळ सरळ मात्रा झाली होती. तेव्हापासून मनमाडची शेंडी ताठ उभी आहे, बुडाला रुंद आणि कान्यापासून दूर, डावीकडे. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर काहीही ठेवलं की वाचणारा ते वाचतोच. शोभेला जागा नाही.

भुसावळने दोनदा दगा दिला. ‘भु’चा उकार म्हणजे आयतं केळं. जळगाव जिल्ह्यातली केळी आणि भुसावळचं स्टेशन हे नातं सांगायची गरज नाही. प्रश्न केळ्याचा नव्हताच. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक काय, तर डावीकडची गाठ आणि शिरोरेषेत सोडलेली एवढीशी फट. दोऱ्याने ती फट गिळली. मी भुसावळची टोपी घेऊन मिसळ खायला गेलो आणि समोरच्या टेबलावरचा मुलगा मित्राला म्हणाला, “मुंबईची टोपी बघ.” ‘मु’! भुसावळच्या माणसाला याहून मोठा अपमान सुचणार नाही. घरी येऊन फट मिलिमीटरवरून अडीच केली आणि ‘भ’च्या सुरुवातीचा आकडा इतका फुगवला की स्क्रीनवर तो हास्यास्पद दिसत होता. टोपीवर तो बरोबर दिसतो.

दुसरा दगा रंगांचा. यंत्राला जी फाइल जाते तिच्यात रंग नसतात. ‘इथे थांब, दुसरी सुई घे’ एवढंच असतं. कुठल्या सुईत कुठला दोरा हे सोबतच्या चिठ्ठीवर. चिठ्ठी उलटी वाचली गेली आणि पिवळा ‘भ’, हिरवं केळं अशी टोपी आली. मला आवाज चढवायची सोय नव्हती, कारण चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं. टोपी अण्णांना दाखवली. ते म्हणाले, “बरोबर आहे की. वॅगनमध्ये केळी हिरवीच भरतात. पिकलेलं केळं दिल्लीला पोचेल का?” टोपी तशीच ठेवली. केळ्याचे दोन उभे भाग मात्र वेगवेगळ्या दिशेच्या टाक्यांनी भरून घेतले. दोरा एकच, पण उजेड टाक्यावर पडतो तसा रंग बदलतो, त्यामुळे एकाच हिरव्याच्या दोन छटा फुकट मिळाल्या. दोनच दोऱ्यांच्या नियमात ही पळवाट मला फार आवडली.

मिरजेची वेलांटी म्हणजे तंबोरा. वेलांटीची उभी रेघ हा दांडा, खाली भोपळा, आणि वरची कमान ‘म’च्या डोक्यावरून जाते. मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, आणि 2024 मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं मावसभावाने मला फोनवर पुन्हा एकदा ऐकवलं. तंबोऱ्याला चार तारा. त्या मी चार बारीक टाक्यांनी काढल्या होत्या. काका म्हणाले एकात एक मिसळतील, म्हणून सगळ्या काढून टाकल्या. फोटो बघून मिरजेहून निरोप आला, “तारांशिवाय ही आमटीची पळी दिसतेय.” खरंच दिसत होती. शेवटी भोपळ्याच्या मधोमध दीड मिलिमीटरची एक पट्टी न शिवता तशीच सोडली. मागचं तांबडं कापड त्या पट्टीतून दिसतं आणि तीच तार होते. न घातलेला टाका असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

कुर्डुवाडीवर मी सगळ्यात कमी वेळ घालवला आणि ती सगळ्यात चांगली झाली. कुर्डुवाडीची ओळख बार्शी लाइट, 1897 साली सुरू झालेली अडीच फुटी नॅरोगेज. आधी मी कान्याचे दोन रूळ करून मध्ये स्लीपर टाकत होतो, दोऱ्यात त्या स्लीपरांचा नुसता कीस झाला. मग हिशेब केला. दोन रुळांतलं अंतर ब्रॉडगेजचं 1676 मिमी, नॅरोगेजचं 762. बाकी सगळी अक्षरं 60 मिमी रुंद आहेत, तर त्याच प्रमाणात कुर्डुवाडीचं किती? सत्तावीस. सजावट काही नाही, फक्त उंच, अंग चोरून उभा असलेला सत्तावीस मिलिमीटरचा ‘कु’. बाकीच्या टोप्यांशेजारी ठेवला की लगेच कळतं. एकटा बघितला तर नुसता ‘कु’, हे मान्य.

आता कर्जत. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती मागे इंजिनं जोडून घ्यायला. पुढे बोरघाट. 1863 मध्ये खुला झालेला, चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मागून रेटणाऱ्या इंजिनांना रेल्वेत बँकर म्हणतात, आम्ही पोरं ढकल म्हणायचो, तेच संघाचं नाव. कल्पना अशी की ‘क’ची शिरोरेषा बरोबर एकास सदतीसने चढती ठेवायची आणि तिच्या डाव्या टोकाला मागून रेटणारा एक चौकोनी तुकडा. मी आकडेमोड करून शिरोरेषेचं उजवं टोक 1.6 मिमी वर घेतलं. हा माझ्या आठही टोप्यांमधला सगळ्यात अभ्यासू निर्णय होता, आणि मी तो दोघा-तिघांना सांगूनही झालो होतो.

टोपी घ्यायला गेलो तर शिरोरेषा दोरीने आखल्यासारखी सरळ.

“काका, हे सरळ झालंय.”

“मग?”

“वाकडं पाहिजे होतं.”

काकांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. “फाइल दीड अंशाने हललेली आली होती. मला वाटलं तुमच्याकडून चुकून झालं. बसून सगळं सरळ करून घेतलं मी.” त्याचे पैसेही त्यांनी लावले नव्हते. मी घाटाचा चढ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दुसरी टोपी चढवली आणि माझ्या मूळ फाइलप्रमाणे शिवून हातात दिली. ती बघताना मला जे वाटलं ते कोणालाही वाटलं असतं: टोपी यंत्रावर वाकडी लागली होती. एकास सदतीस हा आगगाडीसाठी भयंकर चढ आहे. डोळ्यासाठी ती नुसती निष्काळजी आहे. काका पस्तीस वर्षं वाकड्या लागलेल्या टोप्या गिऱ्हाइकाच्या नजरेआधी पकडत आलेत, त्यांची नजर दीड अंशाला चूकच म्हणणार.

मग आम्ही दोघांनी मिळून चढ वाढवत नेला. चार अंश, अजून चूकच. सात अंशाला काका म्हणाले, “आता जरा मुद्दाम केल्यासारखं वाटतंय.” बारा अंशाला त्यांनी बोट रेघेवरून खालून वर फिरवलं आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. बारावर थांबलो. बारा अंशाच्या चढावर कुठलीही साधी आगगाडी चढणार नाही, चाकं जागच्या जागी फिरतील. मागचा चौकोन इंजिन आहे हे अजून एकाही माणसाने ओळखलेलं नाही.

दौंड मी जाणूनबुजून मागे ठेवली होती. ‘दौं’ म्हणजे टोपीवर चढवायला सगळ्यात वाईट अक्षर. काना, दोन मात्रा आणि वर अनुस्वार. करंगळीएवढ्या उंचीतली वरची वीस मिलिमीटर या मंडळींनी खाल्ली की ‘द’ला उरतं ते बटणाएवढं. मी पेन्सिल चावत बसलो होतो आणि समोर अण्णा टीव्ही बघत होते. दोन मात्रा, एकाच खांबावरून निघालेल्या, तिरक्या वर गेलेल्या. जुने हाताचे सिग्नल! काना हा खांब, मात्रा हे दोन हात, अनुस्वार हा दिवा. ज्याची अडचण होत होती तेच चित्र झालं. खांब म्हणून काना शिरोरेषेच्या वर काढता आला आणि ‘द’ त्याच्या सावलीत लहान असला तरी चालायला लागलं.

अण्णांना कागद दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

“हे दोन्ही हात पंचेचाळीसला आहेत.”

“हो.”

“म्हणजे कॉशन. पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने ये. आणि एका खांबाला असे दोन हात कोण लावतं?”

“अण्णा, त्या मात्रा आहेत.”

“मग ड्रायव्हरला सांग तसं.” पुन्हा टीव्हीकडे बघितलं. थोड्या वेळाने म्हणाले, “सगळा मोकळा रस्ता द्यायचा असेल तर हात नव्वदला कर.”

नव्वदला केल्या तर त्या मात्रा राहिल्या नसत्या, खांबालाच फुटलेल्या दोन काठ्या झाल्या असत्या. मी पंचेचाळीसलाच ठेवल्या. वही उघडून बघितलं तर दौंड डेंजर आठ संघांत सातव्या नंबरवर होते, सहा सामन्यांत एक विजय. कॉशन बरोबरच आहे म्हणायचं. टोपी शिवून आल्यावर मात्र अण्णा ती घालून सकाळी फिरायला जायला लागले. बागेत कोणी ‘दौं म्हणजे काय’ विचारलं की ते आधी सिग्नल चुकीचा आहे हे सांगतात, मग दौंड.

नेरळचं फार काही सांगण्यासारखं नाही. ‘ने’ची मात्रा म्हणजे माकडाची वर वळलेली शेपटी. सोपं होतं, झालं. माथेरानच्या गाडीला यात कुठेच जागा मिळाली नाही, पण वहीतलं नाव नेरळ माकडं असं होतं, गाडी असं नव्हतं.

या टोप्या घालून हिंडताना एक लक्षात आलं. आपल्याकडे टोपीवर मराठी अक्षरं वाचायची सवय आहे ती निवडणुकीतली. पूर्ण नाव, चिन्ह, दोन्ही बाजूंनी. एकट्या अक्षराची टोपी दिसली की लोक थबकतात आणि पुढचं अक्षर शोधतात. रिक्षावाल्यांनी मला ‘कु’ म्हणजे कुठला पक्ष असं दोनदा विचारलंय. पण मिरजेच्या स्टेशनवर तंबोऱ्याची टोपी घातलेल्या मावसभावाला एका अनोळखी म्हाताऱ्यांनी थांबवलं, काही न विचारता भोपळ्यावर टिचकी मारली आणि “तार कुठाय?” म्हणाले. त्याने मधली न शिवलेली पट्टी दाखवली. “एकच?” एवढं बोलून ते गेले.

सात झाल्या. आठवी पूर्णा. पूर्णा अपूर्ण राहिली, हा विनोद बायकोने चार वेळा करून झालाय. अडचण अशी की पूर्णेला मी कधी उतरलोच नाही. वहीत तिला आडनाव नाही, कारण आम्हाला तिच्याबद्दल काही माहीतच नव्हतं. वेळापत्रकाच्या पानावरचं ते एक सुंदर नाव होतं, बस. ‘पू’च्या दीर्घ उकाराची मी नदी करून पाहिली, रुळांचा वळसा करून पाहिला. दोन्ही चित्रं बरी आहेत आणि दोन्ही कुठल्याही गावाला चालतील. परवा अण्णांना विचारलं, तुम्ही तर गेला असाल. ते म्हणाले, एकदाच, रात्री अडीच वाजता, गाडी बदलायला. प्लॅटफॉर्मवर एक दिवा होता आणि त्याच्याखाली माणूस पेरू विकत होता. रात्री अडीचला पेरू कोण घेतं, असं वाटून त्यांनी दोन घेतले.

त्या दिव्याचं काहीतरी होईल असं वाटतंय. उकार खाली आहे, दिवा वर लागेल, म्हणजे पुन्हा तो अनुस्वार वाचला जाणार आणि ‘पूं’ होणार. काकांना फोन केला. कुडत्यांचा हंगाम सुरू झालाय, अनंत चतुर्दशी होईपर्यंत टोपीचं यंत्र बंद आहे म्हणाले. तोवर चित्र काढून ठेवा, आणि शिवण्यासारखं काढा.